एका भाकरीत दहा बायका

प्रिय नवारा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, तर आधी खाली बस आणि पाणी पी. इथे सगळे सुखरूप आहेत. मी आहे, तुझी फौकिया आत्या आहे, म्हातारं गाढव आहे, आणि ते अजून जिरजिसच्या दुकानासमोरच लोळतं. लग्न होऊन तू इस्माइलियाला गेलीस त्याला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही, मग आजच काय झालं, असं तू म्हणशील. झालं काहीच नाही. फोन करायचा म्हणजे जिरजिसच्या दुकानात जायचं, आणि तिथे साबण घ्यायला आलेली बाई साबण घेऊन घरी जाते का? माझं बोलणं संपेपर्यंत ती साबणाचा वास घेत उभी राहते. मागे तू फोनवर नुसतं सर्दी झालीय म्हणालीस, तर दुसऱ्या दिवशी चार घरांतून बडीशेपेचा काढा आला, आणि तो मला प्यावा लागला. म्हणून म्हटलं, लिहावं. चाळीस वर्षं हजहून परतलेल्यांच्या घरांच्या भिंतींवर चित्रं आणि अक्षरं काढली, पण ती सगळी दुसऱ्यांची. अमक्याने अमक्या साली हज केला, एवढंच. स्वतःचं काही लिहायला बसलो तर पहिला अर्धा तास बोरू तासण्यातच गेला.

आधी गावातली मोठी बातमी. आरोग्य केंद्राची ती होडीच्या धक्क्याकडची लांब भिंत आठवते ना, जिच्यावर तुम्ही पोरं चेंडू आपटायचात? त्या भिंतीवर आता तुझ्या बापाच्या हातच्या अडतीस भाकरी आहेत. हसू नकोस. केना शहरातून साहेब लोक येऊन त्यांचे फोटो काढून गेले.

झालं असं. गेल्या हिवाळ्यात इन्साफ, म्हणजे आपल्या नावाड्याची थोरली, तुझ्या दोन वर्ग पुढे होती ती, आरोग्य केंद्रात नोकरीला लागली. सोबत मन्सूराची एक तरुण डॉक्टरीण आली, रबाब नावाची. दोघींनी ठरवलं की गावातल्या प्रत्येक बाईचं रक्त तपासायचं. बोटाला सुई टोचायची, एक थेंब घ्यायचा, कागदावर आकडा लिहायचा. दोन महिने इन्साफ दारोदार हिंडली. कुठे कुत्रं अंगावर, कुठे सासू अंगावर. म्हातारी उम्म शाजली तर तिला दारातच म्हणाली, "एका थेंबाला सरकार काय भाव देतं ते आधी सांग, मग बोट देते." पण दिलं. सगळ्यांनीच दिलं. तीनशे ऐंशी बायकांचं रक्त तपासून झालं आणि त्यांतल्या एकशे ऐंशी जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्याचा एक तक्ता केला, मोठ्या कागदावर उभ्या पट्ट्या काढून, आणि केंद्राच्या दारावर चिकटवला. लोक येऊन बघायचे आणि विचारायचे, "हे काय, मिनारांची उंची मोजलीय का?" चार दिवसांनी कुणीतरी त्यात मासे गुंडाळून नेले.

मग त्या दोघी माझ्याकडे आल्या. मी अंगणात सुतळीची खाट विणत होतो. हजची माणसं परत यायला अजून वेळ होता, म्हणजे हाताला काम नव्हतं. इन्साफ म्हणाली, "अम्म बखीत, काका म्हणून तुमच्याकडे आलोय, आम्हाला भिंतीवर चित्रालेख हवाय." मी म्हटलं, "तो कोण? मी जहाज काढतो, विमान काढतो, काबा काढतो, उंट काढतो. लेख मशिदीच्या इमामांना सांग." डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. आकडे लिहायचे नाहीत, आकड्यांची चित्रं काढायची. एक चित्र म्हणजे दहा बायका. ज्या वाडीत नव्वद बायका तपासल्या तिथे नऊ चित्रं, जिथे सत्तर तिथे सात. त्यांतली रक्त कमी असलेली एका रंगात, बाकीची दुसऱ्या. वाचता न येणारी बाईसुद्धा उभी राहून मोजेल आणि तिला कळेल. मला ते एवढं सोपं वाटलं की मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तुझ्या बापाला सोप्या वाटलेल्या गोष्टींनीच आजवर घोळ घातलेत, हे तुला माहीत आहे.

पहिला घोळ मी दुसऱ्याच दिवशी घातला. बायकांची मोजणी, म्हणून बायकाच काढल्या. काळा मिलाया पांघरलेल्या, डोक्यावर घागर, चेहरा मात्र कुणाचा चुन्यासारखा पांढरा, कुणाचा गव्हाळ. दिसायला सुरेख झाल्या होत्या, खरं सांगतो. पण डोंगरवाडीत रक्त कमी असलेल्या चोपन्न. पाच बायका पूर्ण पांढऱ्या काढल्या आणि उरल्या चार. चार म्हणजे दहातल्या चार. इन्साफ म्हणाली, एका बाईचा तेवढाच भाग काढा. मी काढला, गुडघ्यापर्यंत. संध्याकाळी सगळं गाव भिंतीपुढे. पुरुष म्हणू लागले, आमच्या बायका रस्त्यावर कशाला टांगल्या? कुणी म्हणे ती तिसरी अगदी माझ्या मेव्हणीसारखी दिसते. आणि उम्म शाजली काठी टेकत पुढे आली, त्या पायांच्या जोडीकडे बघत राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अरे बखीत, ही बाई गुडघ्यापर्यंतच का? बाकीची नवऱ्याने घरी ठेवून घेतली काय? कापायचंच असेल तर भाकर काप, मेल्या. बाई कशाला कापतोस?"

लोक पोट धरून हसले. मी लाल झालो. पण इन्साफ हसली नाही. तिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "अम्म, भाकर!" मला कळेना. "शम्सी भाकर, अम्म. तिला कान असतात." आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण उन्हात पीठ फुगवायला ठेवतो, तेव्हा कडेला पात्याने चिरा देतो ना, भाजली की त्या चिरांचे कान फुटतात. दहा कान पाडले की झालं! एक भाकर म्हणजे दहा बायका, एक कान म्हणजे एक बाई. रक्त कमी असेल तो भाग कच्चा, पांढुरका, बाकीचा खरपूस. आणि चोपन्नच्या त्या चार? एका भाकरीचे चार कान कच्चे, सहा भाजलेले. भट्टीत एका अंगाने कच्ची राहिलेली भाकर कुठल्या घरात निघत नाही? कुणालाच कापायची गरज नाही. त्या संध्याकाळी मी सगळ्या बायका चुन्याने पुसल्या. वाईट वाटलं थोडं. घागरी छान जमल्या होत्या.

आता मी शहाणा झालो असं तुला वाटेल. नाही झालो. भाकरी काढल्या, चार वाड्यांच्या चार ओळी, आणि भिंतीचा उजवा कोपरा रिकामा राहिला. रिकामी भिंत माझ्याने बघवत नाही. मी तिथे एक उंट काढला. छोटासा, बसलेला, कुणाला काही त्रास नाही. सकाळी शाळेतली पोरं भिंतीपुढे भांडत होती. एक म्हणे, एक भाकर म्हणजे दहा बायका, तर एक उंट म्हणजे दहा उंट. दुसरा म्हणे, मग गावात दहा उंट कुणाकडे आहेत, मुखियाकडे तर दोनच आहेत. दुपारपर्यंत ही गोष्ट मुखियाच्या कानावर गेली आणि त्यांचा माणूस विचारायला आला की जनावरांवर नवी पट्टी बसणार आहे का. इन्साफने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, "अम्म, या भिंतीवर जे काढाल ते लोक मोजणार. शोभेचं काही नको." उंटही पुसला. माझ्या आयुष्यातली ही उंट नसलेली पहिली भिंत.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ती लिहायची की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

भिंतीच्या ओळी सारख्या लांबीच्या नव्हत्या. कालवावाडीच्या बारा भाकरी, मशीदवाडीच्या दहा, डोंगरवाडीच्या नऊ, पूर्ववाडीच्या सात. मशीदवाडी म्हणजे मुखियाची वाडी. रंग त्यांनीच दिला होता. तेव्हा त्यांच्या भाकरी मी जरा ऐसपैस काढल्या, चांगल्या परातीएवढ्या. डोंगरवाडीच्या ओळीला तळाची जागा आली, तिथे नळाचा पाइप आडवा, म्हणून त्या आटोपशीर काढल्या. मी आयुष्यभर हेच करत आलोय ना. घरमालक मोठा, जहाज त्याहून लहान, मागची माणसं ठिपक्याएवढी. इन्साफ आली आणि म्हणाली, सगळ्या सारख्या पाहिजेत. आणि पिशवीतून तिने पुठ्ठ्याचा गोल साचा काढला. साचा! मला! मी म्हटलं, "साच्याने संत्र्यांच्या पेट्यांवर शिक्के मारतात, पोरी. माझा हात चाळीस वर्षांत थरथरला नाही." ब्रश बादलीत टाकला आणि घरी आलो. फौकियाने विचारलं तर तिच्यावरही ओरडलो.

तिसऱ्या दिवशी मी बादली परत आणायला गेलो. परत आणायलाच, बरं का. भिंतीपुढे एक बाई एकटी उभी होती. डोंगरवाडीची मबरूका, खाणकामगाराची बायको. तू ओळखत नसशील, ती तुझ्यानंतर इथे आली. पाठीला मूल बांधलेलं. खाली बसून ती आपल्या वाडीच्या भाकरी बोटाने मोजत होती. मग मशीदवाडीच्या मोजल्या. पुन्हा आपल्या मोजल्या. मला बघून म्हणाली, "अम्म, यांच्या दहातल्या तीन आणि थोडी कच्ची. आमच्या नवातल्या पाच आणि थोडी. मग आमचं दुखणं जास्त, की त्यांचं? लांबून तर त्यांचंच जास्त दिसतं." मग ती हसून म्हणाली, "भिंतीवरसुद्धा आम्ही बारीकच." रागाने नव्हे गं. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली. आणि बोलता बोलता तिने नखाने भिंतीचा चुना खरवडला आणि तोंडात टाकला.

मी ओरडणारच होतो. माझी भिंत! शब्द ओठांवर आले होते, आणि तेच शब्द मी याआधी कुणाला तरी ओरडलो होतो हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. तुझ्या आईला. आपल्या घराच्या आतल्या खोलीत, भट्टीजवळच्या भिंतीला, कमरेएवढ्या उंचीवर चुना कायम उकरलेला असायचा. बसीमा जाता येता नखाने खरवडायची आणि चघळायची. मी दर सणाला ती भिंत सारवायचो आणि दर वेळी तिच्यावर चिडायचो. "नवऱ्याचा धंदा भिंतींचा आणि बायको भिंती खाते," असं चारचौघांत म्हणून मी हशा मिळवायचो. तीही हसायची. पीठ मळता मळता मध्येच खाली बसायची, भिंतीला डोकं टेकायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, तुझं काम बघ." इन्साफ मागून येऊन उभी होती. तिने मबरूकाला हळूच विचारलं, "चुना खावासा कधीपासून वाटतो?" आणि वहीत लिहून घेतलं. मग मला म्हणाली, "रक्त कमी असलं की पुष्कळ जणींना असं होतं, अम्म. माती, चुना, भट्टीची राख." तिला काय ठाऊक ती कुणाशी बोलतेय.

नवारा, आई तापाने गेली असं मी तुला सांगत आलोय. ताप नव्हता. तू चार वर्षांची होतीस. तुला एक भाऊ होणार होता. दाई तीन तास आत होती, मी बाहेर ओट्यावर, आणि रक्त थांबेना. दाई बाहेर येऊन म्हणाली की हिच्या अंगात आधीच काही उरलं नव्हतं. मला वाटलं ती आपली चूक झाकतेय. मी तिच्याशी पुढे कधी बोललो नाही. ती बरोबर होती बिचारी. मुलगाही राहिला नाही. मी तुला ताप म्हणून सांगितलं, कारण तू लहान होतीस. पुढे तू मोठी झालीस, पण तो शब्द तसाच राहिला. तुला मुलगी म्हणून भीती बसू नये असंही वाटायचं. आणि असल्या गोष्टी बाप लेकीशी कशा बोलणार?

त्या दिवशी मी बादली घरी आणली नाही. इन्साफकडून साचा मागून घेतला, चारही ओळी पुसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून काढल्या. पाइपच्या वर ओळ घेतली. अडतीस भाकरी, एकीचा व्यास दुसरीपेक्षा बोटभरही जास्त नाही. पाच दिवस लागले. मुखिया अब्दुल-आल बघायला आले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "बखीत, आमच्या लहान झाल्या." मी म्हटलं, "नाही मुखिया, सगळ्यांच्या सारख्या झाल्या." मला वाटलं आता रंग परत मागतात. पण माणूस वाईट नाही तो. दाढी खाजवत निघून गेले.

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. केना शहरातून आरोग्य खात्याचे एक साहेब आले. आठवड्यातून एकदा डॉक्टर, तपासणी आणि लोहाच्या गोळ्या घेऊन एक गाडी गावात येणार होती, आणि ती कुठे उभी करायची ते त्यांना ठरवायचं होतं. जवळजवळ ठरलंच होतं म्हण ना. मशिदीसमोर सावली आहे, मुखियाचं घर आहे, आणि मुखियाच्या घरी साहेबांसाठी भात भरलेली कबुतरं शिजत होती. साहेब धक्क्यावर उतरले आणि पहिली दिसली ती भिंत. विचारलं, हे काय? डॉक्टरीणबाई सांगायला पुढे झाल्या, तर उम्म शाजलीने त्यांना काठीने अडवलं. "थांब गं, तू सांगितलंस तर त्याला वाटेल पढवलंय." आणि साहेबांना म्हणाली, "बेटा, भाकर मोजता येते ना? मग मोज. वर लिहिलंय, एकीत दहा बायका." साहेब मोजू लागले. मोठ्याने मोजू लागले! बायका त्यांच्यासोबत मोजत होत्या, जत्रेत हाळी द्यावी तशा. डोंगरवाडीच्या ओळीवर येऊन ते थांबले. "नवातल्या साडेपाच कच्च्या?" "पाच आणि चार कान," मबरूका म्हणाली. मुखिया म्हणाले, "साहेब, डोंगरवाडीला गाडी चढत नाही." मबरूकाने पदर दातात धरला होता; तो सोडला आणि म्हणाली, "ऊसतोडीला आमची माणसं न्यायला ट्रॅक्टर तर रोज चढतो, मुखिया." मुखियांनी भिंतीकडे बघितलं, मबरूकाकडे बघितलं, आणि साहेबांना म्हणाले, "चढेल. चढेल म्हणा. वळणावरचे दोन दगड काढावे लागतील, ते मी काढतो." आणि काढले. कबुतरं साहेबांनी खाल्लीच, पण गाडी वर गेली.

मार्चपासून दर मंगळवारी गाडी डोंगरवाडीला जाते. सगळ्याच वाड्यांतल्या बायका वर जातात, मुखियाची बायकोसुद्धा. वाटेत गप्पा होतात म्हणून खालच्यांना ते उलट आवडतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, काकवी आणि तीळकूट खा म्हणून सांगितलं, ते तर आपल्याकडे घरोघरी आहे. पण त्यांनी आणखी एक सांगितलं त्यावरून दंगलच व्हायची राहिली. जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, तासभर थांबायचं, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. नावाडी म्हणाला, "माझी लेक सरकारी नोकरीत गेली आणि आता घरात माझाच चहा बंद!" इन्साफने त्याला सांगितलं की हे बायकांसाठी आहे, तुम्ही प्या. तर म्हणतो, "तिला न देता मी एकटा पिऊ? ती मला प्यायला देईल?" आता त्याच्या घरी दोघंही तासभर घड्याळाकडे बघत बसतात. मीही सोडलाय जेवणावरचा चहा. का ते विचारू नकोस. माझं रक्त कुणी तपासलेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा मोजणी झाली, त्याच तीनशे ऐंशी जणी. एकशे ऐंशीच्या एकशे एकवीस झाल्या. डोंगरवाडीच्या चोपन्नच्या एकतीस. इन्साफ कागद घेऊन पळत माझ्याकडे आली आणि मी शिडी उचलली. सगळी भिंत पुसायची नाही असं ठरलं, फक्त बरे झालेले कान भाजायचे. डोंगरवाडीच्या दोन भाकरी आणि तीन कान! मी गेरू कालवला, त्यात थोडी हळद, वर काजळीचा हात फिरवला. बायका मागे उभ्या. उम्म शाजली ओरडत होती, "भाज बखीत, भाज, पण करपवू नकोस!" एकेक कान रंगवला की कुणीतरी म्हणे, ही मी. दुसरी म्हणे, नाही, ही मी, तू पुढची. नावं कुठेच नाहीत, तरी प्रत्येकीला आपला कान सापडला. मी आजवर जहाजं रंगवली, विमानं रंगवली, मक्का रंगवली, आणि मी मक्का पाहिलेली नाही. पण इतक्या समाधानाने शिडीवरून कधी उतरलो नव्हतो. तुझी आई असती तर आता पन्नाशीला आली असती. भाकरीच्या रंगात खोट काढली असती तिने. भाकर तिच्यासारखी भाजणारी मी पाहिली नाही.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. भिंत, उंट, मुखिया, सगळं खरं आहे, पण मी लांबण लावत होतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फौकिया इस्माइलियाहून परवा आली आणि तिने सांगितलं की तुला पाचवा महिना लागलाय. तू मला कळवलं नाहीस, त्यात काही वावगं नाही. बापाला असलं कोण कळवतं? पण तिने हेही सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर चढताना तू दर वळणावर बसतेस, तळहात पांढरेफटक दिसतात, आणि अजून कुठल्या डॉक्टरला दाखवलेलं नाहीस, कारण तुझ्या सासूबाई म्हणतात की बाईला हे असं होतंच. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना माझा सलाम सांग, आणि सांग की बाबा येतायत. मी रविवारच्या गाडीने निघतोय. सोमवारी पोचेन. मंगळवारी सकाळी तू आणि मी तुमच्याकडच्या आरोग्य केंद्रात जाऊ. जावई सब्री आला तर उत्तमच, नाही आला तरी मी आहे. तू आत जा, बोटाला सुई टोचून घे, एवढंसंच दुखतं. मी बाहेर बाकावर बसेन. बायकांच्या रांगेत म्हातारा का बसलाय, असं कुणी विचारलं तर सांगेन की माझी मुलगी आत आहे. कितीही वेळ लागू दे.

तुझाच,
बाबा